नाव विसरणं वेगळं, काम अडणं वेगळं : सुरुवातीच्या काळात मेंदूत काय होत असतं

पिंपळपान

"हल्ली फार विसरायला होतंय, डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना" असा प्रश्न इथे अधूनमधून कुणीतरी टाकतंच, खाली शब्दकोडी सोडवा, टेन्शन घेऊ नका असे चार प्रतिसाद येतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून म्हटलं एकदा नीट धागाच काढावा. डिमेन्शिया म्हणजे विचारशक्ती इतकी घसरणं की रोजचं जगणं दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालेना. मी सायकॉलॉजिस्ट आहे, मेमरी क्लिनिकमध्ये टेस्ट घेणं हे माझं रोजचं काम. औषधांवर मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही, पण विचार करायची ताकद नेमकी कुठून हलायला लागते ते रोज समोर बसून बघते.

सगळ्यात आधी हे, की लोक बहुतेक वेळा नको त्या गोष्टीला घाबरतात आणि जिथे थांबून बघायला हवं तिथे "वय झालं" म्हणून सोडून देतात. समोरच्याचं नाव ओठावर येऊन अडकलं आणि अर्ध्या तासाने आपोआप आठवलं, आतल्या खोलीत कशाला आलो तेच सुचेना, चष्मा कुठे ठेवला सापडेना, यात घाबरण्यासारखं काही नाही. मेंदूचा कामाचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरत असतो, शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेलं ज्ञान मात्र साठी ओलांडली तरी छान टिकतं. वेळ लागतो पण गोष्ट सापडते. काळजीचं ते वेगळंच. वर्षानुवर्षं हातात बसलेलं पाच-सहा पायऱ्यांचं काम अडखळायला लागणं, म्हणजे महिन्याची बिलं, गोळ्यांचा हिशोब, प्रवासाची आखणी, चार माणसं एकदम बोलत असताना कोण काय म्हणालं याचं भान. किंवा तीच गोष्ट त्याच माणसाला त्याच दिवशी परत सांगणं आणि आपण आधी सांगितलीय याची पुसटशीही आठवण नसणं.

आता मेंदूत काय होतं ते. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा वाकडा भाग असतो, नवीन अनुभव आठवणीत बसवायचं काम मुख्यतः त्याचं. त्याला लागूनच एन्टोरायनल कॉर्टेक्स (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर). अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचं सगळ्यात नेहमीचं कारण. त्यात टाऊ नावाच्या प्रोटीनच्या गाठी पेशींच्या आत साचतात, आणि कॉर्टेक्सपुरतं बोलायचं तर त्याची सुरुवात साधारण याच कोपऱ्यातून होते. हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन जोडप्याने १९९१ मध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला, आधी एन्टोरायनल, मग हिप्पोकॅम्पस, मग शेजारचा टेम्पोरल भाग आणि मग बाकीचा कॉर्टेक्स. दुसरं प्रोटीन अमायलॉइड, ते पेशींच्या बाहेर साचतं आणि लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून साचत आलेलं असतं. पण अमायलॉइड किती साचलंय यावरून माणूस किती विसरेल ते फारसं सांगता येत नाही, पेशींमधले जोड म्हणजे सायनॅप्स किती तुटलेत त्याचा संबंध जास्त जवळचा आहे. निरोगी म्हातारपणातही हिप्पोकॅम्पस वर्षाला १-२ टक्के आकसतो, अल्झायमरमध्ये हाच वेग ४ ते ५ टक्क्यांवर जातो.

हिप्पोकॅम्पस नसला तर काय होतं ते हेन्री मोलेसन या माणसामुळे कळलं. १९५३ मध्ये फिट्सवर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, पण नवीन आठवण बसेचना. ब्रेंडा मिल्नर या संशोधक त्याला इतक्या वर्षांत कितीदा भेटल्या तरी त्याच्यासाठी त्या नवीनच. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तेव्हा त्याचा हात दर दिवशी सुधारत गेला, हे आपण आधी केलंय हे माहीतच नसताना! म्हणजे स्मरणशक्ती ही एकच एक वस्तू नाहीये, तिचे बरेच भाग आहेत आणि ते वेगवेगळे बिघडतात, आणि तपासणीत आम्ही हेच शोधत असतो.

समोर बसल्यावर ते कसं दिसतं सांगते. मी पाच शब्द वाचते, त्यांच्याकडून म्हणून घेते, मग दुसऱ्या कामांत गुंतवते, पाचेक मिनिटांनी विचारते. एकजण दोनच शब्द सांगतात. मी इशारा देते, "एक फूल होतं", की लगेच शब्द येतो. म्हणजे शब्द आत बसला होता, शोधायलाच अडत होतं. दुसरे आजोबा पण दोनच सांगतात, पण इशारा दिला तरी कोरे, तीन पर्याय दिले तर भलत्यावरच बोट, आणि कधीकधी मी उच्चारलेलंच नाही असं फूल अगदी खात्रीने सांगतात. मार्क दोघांनाही तेवढेच पडतात! पण पहिल्यांच्या बाबतीत डिप्रेशन, अपुरी झोप, बारीक रक्तवाहिन्यांचा आजार अशा शक्यता पुढे येतात आणि दुसऱ्यांच्या बाबतीत हिप्पोकॅम्पसकडे बघावं लागतं. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की टेस्टच्या ३० मार्कांपैकी किती एवढंच विचारून उठू नका, चुका कुठल्या प्रकारच्या झाल्या ते विचारा.

तुमचे प्रश्न, अनुभव लिहा. जमेल तसं उत्तर देते.

---

चौकस

लेख आवडला, पण एक शंका आहे आणि ती मनापासून आहे. वय झालं की शरीर थकतं तसा मेंदूही थकणार. त्याला एमसीआय (विचारशक्तीतली सौम्य घट, डिमेन्शियाच्या अलीकडची) वगैरे नाव देऊन चांगल्या फिरत्या माणसाला पेशंट करून टाकायचं कशाला? आमच्या नात्यात एका काकांना हे नाव चिकटलं आणि त्या दिवसापासून घरच्यांनी त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतलं. काका अजून ठणठणीत आहेत, फक्त गप्प झालेत.

---

पिंपळपान

@चौकस, काकांचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचा राग रास्त आहे. एमसीआय म्हणायचं तर दोन्ही गोष्टी असाव्या लागतात, एक म्हणजे त्या वयाच्या, त्या शिक्षणाच्या माणसांच्या मानाने टेस्टमध्ये घसरण दिसली पाहिजे, आणि दुसरी म्हणजे रोजचं आयुष्य माणूस स्वतःच्या जोरावर चालवत असला पाहिजे. दुसरी अट व्याख्येतच आहे. म्हणजे हातातलं काम काढून घ्यायचा प्रश्नच येत नाही, उलट ते चालू राहावं म्हणूनच एवढ्या लवकर बघायचं असतं.

आणि एमसीआय म्हणजे डिमेन्शियाचं तिकीट नव्हे. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकॅडमीने २०१८ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर ६५ च्या वरच्या एमसीआय असलेल्यांत दोन वर्षांत साधारण १५ टक्के लोक डिमेन्शियात गेले. म्हणजे त्या दोन वर्षांत ८५ टक्के गेले नाहीत. काही जण तिथेच थांबतात, काहींची टेस्ट परत नॉर्मल येते. मात्र नॉर्मल आलेल्यांनाही पुढे धोका इतरांपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे दरवर्षी तपासणी चालू ठेवायची.

"मेंदूही थकणार" यावर एवढंच म्हणेन की वयाने येणारं थकणं त्या वयाच्या सगळ्यांत साधारण सारखं दिसतं. आजारात एखादी बाजू त्या वयाच्या मानाने खूप खाली गेलेली असते. म्हणून तर एवढ्या वेगवेगळ्या टेस्ट घेतो.

---

मधली_सुट्टी

माझ्या आईचं उलटं झालं म्हणून लिहितेय. तिची मेमरी चांगलीच होती, कुणाचं लग्न कधी, कोण कुणाचं कोण, सगळं तोंडपाठ, त्यामुळे आम्हाला कधी शंकाच आली नाही. पण ती सोसायटीचे हिशेब बघायची, अनेक वर्षं एक रुपयाची चूक नाही, आणि त्याच हिशेबाला बसलं की तिला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. पावत्या पसरून बसायची, एक उचलायची, ठेवायची, परत तीच उचलायची. बेरीज विचारली तर बरोबर सांगायची हो! पण कुठली पावती आधी, कशात काय मिळवायचं, काय बाजूला ठेवायचं हे जुळेना. आणि सगळ्यालाच वेळ लागायला लागला, प्रश्न विचारला की उत्तर बरोबर पण इतक्या उशिरा की तोवर आम्ही पुढच्या विषयावर गेलेलो असायचो. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी आजची तारीख वार, पंतप्रधान कोण असं विचारलं, तिने पटापट सांगितलं, विषय संपला. पुढे दुसरीकडे एमआरआय झाला तेव्हा पांढरे डाग खूप निघाले, बीपी कित्येक वर्षं धड कंट्रोलमध्ये नव्हतं. हे असं मेमरी सोडून दुसरीकडूनच सुरू होतं का?

---

पिंपळपान

होतं, आणि तुम्ही जे पावत्यांचं लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की टेस्टच्या पुस्तकात घालावं. बेरीज येते पण कामाचा क्रम लावता येत नाही, याला आम्ही एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतो, ठरवणं, क्रम लावणं, नको ते बाजूला सारणं, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं. हे काम कपाळामागचा फ्रंटल भाग करतो पण एकटा नाही, आत खोलवरच्या भागांशी त्याचं सतत दळणवळण लागतं आणि ते दळणवळण व्हाइट मॅटरच्या तंतूंमधून चालतं. बीपी, शुगर यामुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक, अरुंद होत जातात, तंतूंना रक्त कमी पडतं आणि एमआरआयमध्ये ते पांढरे डाग दिसतात. गावं शाबूत आणि मधले रस्ते खचलेले असं काहीसं. म्हणून माहिती सगळी असते, पण वेग जातो आणि जुळणी जाते.

तारीख-वार विचारून हे पकडता येत नाही. आम्ही घड्याळ काढायला देतो, गोल काढा, आकडे घाला, अमुक वाजून दहा मिनिटं दाखवा. साधं वाटतं पण त्यात आखणी आहे, जागेचा अंदाज आहे, आणि एक सापळा आहे, "दहा मिनिटं" ऐकलं की हात १० च्या आकड्याकडे ओढला जातो, तो आवरून २ वर काटा न्यायचा असतो. ज्यांचं आवरणं कमी झालंय त्यांचा काटा १० वर जातो. काही जण सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच कोंबतात. १९७५ मधली एमएमएसई टेस्ट यात कमी पडते, तिच्यात पाठांतर आणि तारीख-जागेचं भान यांवर भर आहे. २००५ मध्ये आलेली मोका टेस्ट सुरुवातीच्या टप्प्यासाठी जास्त बरी, कारण तिच्यात घड्याळ, आकडे-अक्षरं आलटून पालटून जोडणं, एका मिनिटात शब्द सांगणं असं सगळं आहे. तीही ३० मार्कांची, २६ च्या खाली गेलं तर पुढे तपासतात, पण शिक्षण कमी असेल तर ती रेघ तशीच लावणं हा अन्याय होतो. एकच मार्क जास्त देऊन तो भरून निघत नाही असं माझं ठाम मत आहे.

बीपीचं म्हणाल तर स्प्रिंट माइंड नावाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला, ९ हजारांवर लोक, वरचं बीपी १४० च्या खाली ठेवलेले विरुद्ध १२० च्या खाली ठेवलेले. दुसऱ्या गटात एमसीआय १९ टक्के कमी झाला. डिमेन्शियाचा फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. आणि प्रत्येकालाच १२० झेपतं असं नाही, चक्कर येऊन पडणं हे वयस्कर माणसाला किती महागात पडतं ते सांगायला नको, त्यामुळे आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

---

रानवाट

मी फॅमिली डॉक्टर. धागा फार कामाचा झालाय. एक गोष्ट मला मोठ्या अक्षरात लिहायची आहे, विसरायला व्हायला लागलं की आधी दुरुस्त होणारी कारणं शोधा. बी-१२ कमी, थायरॉइड कमी, डिप्रेशन, झोपेत श्वास अडकणं (घोरणं आहे, झोप होते तरी दिवसभर पेंग येते), शुगर फार वरखाली होणं, दारू. डोक्याला किरकोळ मार लागून काही आठवड्यांनी कवटीच्या आत रक्त साचणं, वयस्कर माणसात हे होतं आणि मार लागल्याचं त्यांना आठवतही नसतं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि विचार मंदावलेले हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतलं पाणी वाढलंय का ते बघावं लागतं.

आणि औषधं! लोक नवीन औषध मागतात पण चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी कुणी उघडून बघत नाही. खाज-सर्दीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी रोखायच्या काही गोळ्या, काही जुनी डिप्रेशनची औषधं, ही मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या आड येतात, आणि हिप्पोकॅम्पसला आठवण बसवायला तेच रसायन लागतं. वर्षानुवर्षं चाललेल्या झोपेच्या गोळ्या तशाच. दोन-तीन डॉक्टरांकडून आलेली अशी औषधं एकत्र पडली की चांगला माणूस धुक्यात गेल्यासारखा होतो. पिशवी घेऊन या, एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते.

---

शब्दवेडी

वाचतेय सगळं. वर शब्दकोड्यांचा उल्लेख आला म्हणून विचारते, मी रोज कोडं सोडवते, मोबाइलवर ब्रेन गेमचं अ‍ॅपपण घेतलंय. उपयोग होतो की नुसतंच समाधान? खरं काय ते सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

---

पिंपळपान

कोडं आवडत असेल तर बिनधास्त सोडवा. पण ज्याचा सराव करतो त्यातच मुख्यतः सुधारणा होते, कोडी सोडवून माणूस कोड्यांत हुशार होतो. अ‍ॅक्टिव्ह नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासात २,८३२ ज्येष्ठांना तीन प्रकारचं ट्रेनिंग दिलं, स्मरण, तर्क आणि वेग. प्रत्येक गटाची प्रगती आपापल्या विषयात झाली, दहा वर्षांनी तर्क आणि वेगवाल्यांचा फायदा थोडाफार टिकला होता, स्मरणवाल्यांचा गेला होता.

त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आयुष्यभराची शिल्लक, कॉग्निटिव्ह रिझर्व्ह. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून ६७८ नन्सचा अभ्यास केला, मृत्यूनंतर मेंदू तपासायला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यातल्या एक सिस्टर १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत टेस्टमध्ये उत्तम, आणि मेंदू बघितला तर प्लाक (अमायलॉइडचे साठे) आणि टाऊच्या गाठी भरपूर! म्हणजे आजार आत होता तरी माणूस काम करत होता. त्या अभ्यासात असंही दिसलं की विशीत लिहिलेल्या आत्मकथनांत ज्यांच्या वाक्यांत कमी विचार गुंफलेले होते त्यांच्यात पुढे अल्झायमर जास्त आढळला. शिक्षण, दुसरी भाषा, अवघड काम, माणसांत असणं यातून पर्यायी वाटा तयार होतात असं मानतात. याची दुसरी बाजू डॉक्टरांनी लक्षात ठेवायला हवी, फार शिकलेला माणूस टेस्टमध्ये ३० पैकी २८ आणतो आणि तरी घसरलेला असू शकतो, कारण तो मुळात कुठून सुरू झाला होता! अशा वेळी घरच्यांचं म्हणणं मार्कांपेक्षा जास्त खरं धरावं.

एकच गोष्ट निवडायची तर मी चालणं निवडेन. २०११ च्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी अर्ध्यांना वर्षभर नियमित भरभर चालायला लावलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस २ टक्क्यांनी वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा आकसला. अभ्यास लहान आहे, पण बाकी पुरावाही व्यायामाच्याच बाजूने झुकतो. फिनलंडच्या फिंगर अभ्यासात (२०१५, १,२६० लोक) आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र केलं तर दोन वर्षांत विचारशक्तीत मोजता येण्याइतका फरक पडला.

आणि कान. कान तपासून घ्या हो! ऐकू कमी आलं की अर्धी ताकद नुसतं वाक्य पकडण्यातच जाते, आठवणीत बसवायला काही उरत नाही, माणूस मग गप्पांतून उठूनच जातो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने, लॅन्सेट कमिशनने, २०२४ मध्ये टाळता येण्यासारखे १४ धोके सांगितले, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, नजर वगैरे, त्यात ऐकू कमी येणं वरच्या नंबरांत आहे. हे सगळे नसते तर जगातले साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळले असते किंवा लांबले असते असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज सगळ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाची हमी नव्हे.

---

जुनीपेटी

मी कधी लिहीत नाही, आज लिहिते. मला एमसीआय आहे. शिक्षिका होते. हा प्रतिसाद मी सावकाश, दोनतीनदा थांबून लिहितेय, मुलीने फक्त शुद्धलेखन बघितलंय.

आतून कसं असतं ते सांगते. विसरलेल्या गोष्टीचा त्रास होत नाही, कारण ती विसरलेलीच असते. त्रास होतो तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून "हे मी आधी विचारलं होतं" हे कळतं तेव्हा. दोघी बोलत असू तर मी पूर्वीसारखीच असते. तिसरं माणूस आलं, टीव्ही चालू असला की वाक्यं हातातून निसटतात, एक धरते तोवर दुसरं संपलेलं असतं. मग मी हसून मान डोलवते. लोकांना वाटतं मी मजेत आहे.

मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग होईल. एकच डायरी, ती एकाच जागी. किल्ली, चष्मा, फोन यांची जागा ठरलेली, घरातल्या कुणीही ती "आवरायची" नाही. एका वेळी एकच काम, ते संपेपर्यंत फोन घ्यायचा नाही. गोळ्यांचा डबा वारांचा. दमल्यावर महत्त्वाचं काही ठरवत नाही, सकाळीच ठरवते.

आणि एक मागणं आहे. मी शब्द शोधत असले की तो पटकन देऊ नका. थोडं थांबा. बहुतेक वेळा मला सापडतो, आणि सापडला की मला माझं वाटतं. अगदीच अडले तर मी विचारीन. आणि माझ्याबद्दल माझ्यासमोर दुसऱ्याशी बोलू नका, "आता आईला जमत नाही" हे मला ऐकू येतं आणि कळतंही.

---

मधली_सुट्टी

जुनीपेटी ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवणार आहे. आणि स्वतःला पण रोज वाचायला लावणार आहे, शब्द पटकन पुढे करायची मला फार घाई असते.

---

चौकस

जुनीपेटी ताई, नमस्कार घ्या. काकांच्या घरी हे पाठवतोय. माझं आधीचं म्हणणं बदललंय असं नाही, पण नाव देण्यात चूक नाही, नाव दिल्यावर आपण माणसाशी कसं वागतो तिथे गडबड होते, एवढं पटलं.

---

नवखा

डॉक्टर आहात म्हणून रानवाट यांना विचारतो. रक्ताच्या एका टेस्टमध्ये अल्झायमर कळतो आणि नवीन इंजेक्शनने थांबतो असं फिरतंय. माझं वय पन्नासच्या आत आहे, वडिलांना होता. टेस्ट करून टाकू का?

---

रानवाट

@नवखा, कळतो हे अर्धं खरं आणि थांबतो हे खरं नाही. पी-टाऊ २१७ नावाचं प्रोटीन रक्तात मोजता येतं आणि मेंदूत अमायलॉइड साचलंय का याचा त्यावरून चांगला अंदाज येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-टेस्टना मान्यता देणारी सरकारी संस्था) अशा पहिल्या टेस्टला मान्यता दिली, पण ती ५५ च्या वरच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी, तीही बाकी तपासण्यांच्या जोडीने. लक्षणं काहीच नसताना करून हातात चिंता येते, कारण अमायलॉइड असूनही आयुष्यभर काही न होणारे लोक भरपूर आहेत.

इंजेक्शनं म्हणजे लेकानेमॅब (एफडीएची पूर्ण मान्यता २०२३) आणि डोनानेमॅब (२०२४). दोन्ही अमायलॉइड साफ करतात, हे नक्की. लेकानेमॅबच्या अभ्यासात १,७९५ लोक होते, दीड वर्षात घसरणीचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. घसरण औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत झालीच, १८ मार्कांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ चा. काहींना मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो, एपीओई-४ या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जीनच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून वरचेवर एमआरआय करावा लागतो. आणि अमायलॉइड सिद्ध झालेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्याच लोकांना देतात. वडिलांना होता म्हणून तुमचा धोका थोडा वाढतो, पण तुमच्या वयात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, झोप, कान यांवर काम करायला भरपूर वाव आहे. (वडिलांना साठीच्या खूप आधी सुरू झाला असेल आणि त्यांच्या भावंडांतही तसंच असेल तर मात्र जेनेटिक सल्ला घ्या, ती गोष्ट वेगळी.)

---

कोवळं_ऊन

सगळे प्रतिसाद वाचले. आमच्याकडे अडचण अशी की सासऱ्यांना आपल्यात काही बदल झालाय हेच मान्य नाही. तीच बिलं दोनदा भरली, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकलं, दाखवून दिलं की चिडतात, "तुम्हीच काहीतरी घोळ घालता" म्हणतात. डॉक्टरकडे न्यायचं कसं? जनरल चेकअप म्हणून खोटं सांगून न्यावं का?

---

पिंपळपान

@कोवळं_ऊन, खोटं सांगून नेऊ नका, आत टेस्ट सुरू झाली की त्यांना कळतंच आणि मग पुढची दारं बंद होतात. आणि ते नाकारतात यात दर वेळी हट्ट नसतो. स्वतःच्या चुका टिपणारी यंत्रणाही मेंदूतलीच, ती बिघडली की माणसाला खरोखर काही चुकलंय असं जाणवत नाही, याला अ‍ॅनोसॉग्नोसिया म्हणतात. मग पुरावे दाखवून वाद घालण्यात अर्थ राहत नाही. माझ्या अनुभवात स्वतःहून "माझं फार विसरायला होतंय" म्हणत येणाऱ्यांपेक्षा ज्यांना घरचे घेऊन येतात त्यांच्यातच जास्त सापडतं.

त्यांना जे स्वतःला खटकतंय तिथून सुरू करा. झोप लागत नाही, कमी ऐकू येतं, चक्कर येते, काहीही. "ते दाखवू आणि त्याच वेळी मेमरीपण तपासून घेऊ, मीही माझी करून घेते" हे खरंही आहे आणि पचायला सोपं. ज्यांचं ते ऐकतात अशा जुन्या डॉक्टरांकडून सुचवलं गेलं तर उत्तम.

जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा. काय बदललं, साधारण कधीपासून, हळूहळू की एकदम. आधी कुठलं काम सहज करायचे आणि आता त्यात नेमकं कुठे अडतात, "विसरतात" असं मोघम लिहू नका, "बिल भरलं आणि तीन दिवसांनी परत भरलं" असं लिहा. स्वभाव बदलला का, झोपेत हातपाय झाडतात का, नसलेली माणसं-प्राणी दिसतात का, ओळखीच्या जागी वाट चुकते का, पायरीचा अंदाज चुकतो का. शेवटच्या चारांना लोक विसरण्याशी जोडतच नाहीत आणि सांगायचं राहून जातं, पण त्यावरून आजार कुठल्या प्रकारचा ते ठरायला फार मदत होते, लुई बॉडी नावाच्या डिमेन्शियात झोपेतली झाडाझाड आणि भास आधी येऊ शकतात, काहींत नजर शाबूत असून जागेचा अंदाज आधी जातो. हा कागद डॉक्टरांना आधीच द्या, त्यांच्यासमोर सासऱ्यांच्या चुकांची यादी वाचू नका, जुनीपेटी ताईंनी वर लिहिलंय ते आठवा. गोळ्यांची पिशवी, चष्मा, कानाचं मशीन असेल तर तेही बरोबर. आणि वेळ सकाळची घ्या, थकलेल्या माणसाची टेस्ट घेऊन कुणाचाच फायदा नाही.

बिलांचं मात्र वाट बघू नका. पैशाचे व्यवहार हे फार लवकर हलणाऱ्या गोष्टींपैकी आहेत आणि फसवणारे लोक नेमकी अशीच माणसं हेरतात. बँकेत जाऊन मोठ्या रकमेवर मर्यादा आणि मेसेज दोन फोनवर, हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच सहीने करून घ्या, आत्ता त्यांना समजतंय आणि ठरवता येतंय तोवर.

---

कोवळं_ऊन

कागद आजच लिहायला घेते. चक्कर येते असं ते स्वतःच परवा म्हणाले होते, तिथूनच सुरू करते. काय झालं ते इथे कळवेन.